घरात एक माणूस जास्त

अख्ख्या बंगळुरात कुठंही पोचायची घाई नसलेला माणूस मी एकच पाहिला, आणि कॉलेजने तो नेमका माझ्या वाट्याला लॅब-पार्टनर म्हणून दिला. या गावात सगळे कुठेतरी निघालेले असतात आणि सगळ्यांना उशीर झालेला असतो. सिग्नलला थांबलेला रिक्षावालासुद्धा बसल्या बसल्या पाय हलवत असतो. आमचा हा मात्र जे. पी. नगरच्या मेट्रो स्टेशनावर समोर आलेली गाडी सोडून द्यायचा. का, तर म्हणे, "आतल्या लोकांना फार घाई दिसली गं. आपण कशाला त्यांच्या मध्ये?" पुढची गाडी आली की तिच्यातही तसलेच लोक. शेवटी एखादी रिकामी, पेंगुळलेली गाडी यायची, तिच्यात हा बसायचा आणि खिडकीतून गच्च्यांवर वाळणारे कपडे बघत बघत आपलं स्टेशन मागे टाकायचा. वर्गाच्या दारात पोचेपर्यंत हजेरी होऊन गेलेली असायची. पण दारात उभा राहून तो असा काही हसायचा, की शिकवणाऱ्यालाच वाटावं, आपण जरा लवकर सुरू केलं.

मी निपाणीची. माझे वडील पिठाची गिरणी चालवतात आणि आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही. हे मी लाजत सांगत नाही, मिरवत सांगते. पण पहिल्यांदा पायरी चढणाऱ्याला मध्येच थांबून ढग बघायची सवड नसते, त्यामुळे सुरुवातीला हा माणूस मला अजिबात झेपला नाही. डेटा स्ट्रक्चर नावाच्या विषयाच्या प्रॅक्टिकलमध्ये आम्ही दोघंही नापास झालो होतो. मी नापास झाले ती डोक्यात न शिरल्यामुळे, आणि तो झाला तो परीक्षेच्या सकाळी कॉलेजच्या फाटकापाशी एका घारीने घरटं बांधायला घेतलं होतं म्हणून. शेवटच्या वर्षी आम्हाला ज्युनियर पोरांच्या मध्ये बसून तो विषय पुन्हा करावा लागला. कोरमंगलातल्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली होती, पण अट साफ होती: यंदा पदवी पाहिजे, एकही विषय मागे राहता कामा नये. तिकडे वडिलांनी तर दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सांगूनच टाकलं होतं की पोरगी पदवीधर झाली. त्यांना वाटायचं, जे होणारच आहे ते आत्ताच सांगितलं तर काय बिघडलं? आणि इकडे तो विषय शिकवणाऱ्या मॅडमनी नियम काढला: दोघांत मिळून एक असाइनमेंट, मार्क दोघांना सारखे. म्हणजे माझी पदवी घारीचं घरटं बघत बसणाऱ्याच्या हातात.

त्याला दोन आया होत्या. हे मी उगीच गंमत म्हणून सांगत नाहीये. त्याच्या आजोबांनी सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी साताऱ्याकडून इकडे येऊन जे. पी. नगरात दोन मजली घर बांधलं, खाली थोरला मुलगा राहायला, वर धाकटा. वरच्यांना मूल होईना. खालच्यांना आधी मुलगी होती, मग हा झाला, आणि तान्हा असतानाच रीतसर होम वगैरे करून त्याला वर दत्तक दिला. कागदावर तो वरचा झाला. पण पोराला रांगता यायला लागल्यावर त्याने कागद वाचला नाही. एक होती वरची आई आणि एक खालची आई, आणि दोघींना तो 'आई'च म्हणायचा. हाक आली की आधी दोघी "ओ" द्यायच्या आणि मग ठरायचं कुणाला मारली होती ते. वर उपमा खाल्ला की खाली येऊन तेवढाच उपमा खायचा. खालून "ऊट झालं का रे?" असं विचारलं, ऊट म्हणजे कानडीत जेवण, तर वर जेवून आल्याचं कधी सांगायचा नाही, पानावर बसायचा. ताप आला तर वरचा काढा आणि खालचा काढा एकाच भांड्यात ओतून प्यायचा. आणि एवढं दोनदा जेवून हा माणूस काडीसारखा! एकदा दोघींसाठी साड्या घ्यायला मी त्याच्याबरोबर चिकपेटला गेले. रंग सारखा, काठ सारखे, पदर सारखा, असल्या दोन साड्या त्याला हव्या होत्या. दुकानदाराने सगळा ढीग उलथापालथा केला, शेवटी वैतागून म्हणाला, "अण्णा, हिच्यात फक्त स्वल्प फरक आहे, कोण बघतंय?" हा म्हणाला, "दोघीही बघतील." आणि आम्ही रिकाम्या हाताने परत आलो, वाटेत प्रत्येक फुलवालीपाशी थांबत.

मागच्या बॅचमध्ये सगळ्यांनी एआयकडून प्रोग्रॅम लिहून आणले होते आणि सगळ्यांची एकच चूक एकाच ओळीत सापडली होती. त्यामुळे यंदा मॅडमनी डोकं चालवलं. प्रत्येक जोडीने दोघांपैकी एकाच्या खऱ्या घराण्याचं झाड मशिनमध्ये उभं करायचं, निदान चार पिढ्यांचं, नवरा-बायको मिळून एक चौकट. अशा किती चौकटी होतात ते मशिनकडून मोजून घ्यायचं आणि समोर उभं राहून समजावून सांगायचं. मोजायची रीत ऐकायला सोपी होती. सगळ्यात वरच्याला विचारायचं, तुमच्यापासून खाली किती? त्याने स्वतः मोजायचं नाही, आपल्या मुलांना तेच विचारायचं. मुलांनी त्यांच्या मुलांना. असं करत ज्याला मूलच नाही त्याच्यापर्यंत प्रश्न पोचला की तो म्हणणार, 'मी एकटा.' मग ज्याने त्याने खालून आलेल्या आकड्यात आपला एक मिळवून वर कळवायचं. याला रिकर्शन म्हणतात आणि याने आमची अख्खी लॅब आडवी केली होती. एका ज्युनियर मुलीच्या घराण्यातली माणसंच संपेनात, कारण थांबायचं कुठं हे तिने लिहिलंच नव्हतं; मशिन बिचारं विचारत विचारत खोल खोल गेलं आणि पडद्यावर लाल अक्षरांचा पूर आला. माझ्या पहिल्या प्रयत्नात बाप मुलाला विचारत होता आणि मुलगा परत बापाला, एखाद्या कचेरीतल्यासारखं. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "स्वल्प विश्वास ठेव, मुली. खालचा त्याचं काम करेल." मला तर आयुष्यात कुणी दुसऱ्याने आपलं काम केलेलं आठवत नव्हतं.

याला मात्र ते सगळं आधीच ठाऊक असल्यासारखं होतं. मॅडमनी फळ्यावर मूळ वर आणि फांद्या खाली असं झाड काढलं, तेव्हा वर्गात कुणाला काही वाटलं नाही. हा बाकावर उताणा झोपला आणि डोकं खाली लोंबकळत सोडून बघायला लागला. "आता बरोबर दिसतंय," म्हणाला. मॅडम बघतच राहिल्या. मोजायची ती रीत त्याला इतकी आवडली की दोन दिवस तो तिच्याबद्दलच बोलत होता. "कुणालाच अख्खं घर माहीत नसतं बघ. प्रत्येकाला फक्त आपली पोरं माहीत. तरी कुणी सुटत नाही." मी म्हटलं, "कविता नंतर कर, टाईप कर आधी." त्याचंच घराणं घ्यायचं ठरलं होतं, कारण आमच्याकडे आजोबांच्या मागे कोण, असं विचारलं तर "असतील कोणीतरी" एवढंच उत्तर येतं. त्याच्या पणजोबांपासून सुरू करून आम्ही सगळ्यांना आत घातलं, मी प्रोग्रॅम चालवला, आणि आकडा आला. वहीत बोटांनी मोजलेल्या चौकटींपेक्षा मशिनचा आकडा एकने जास्त होता.

मी म्हटलं, चूक आहे. तो म्हणाला, "नसेल." मी प्रोग्रॅमची ओळ न् ओळ तपासायला बसले, आणि या माणसाने काय करावं? त्याने मशिनवर विश्वास ठेवला. मशिन म्हणतंय एक माणूस जास्त, म्हणजे आपणच कुणाला तरी विसरलोय. तो घरी गेला आणि म्हाताऱ्या माणसांना फोन करत सुटला. "आपल्यात अजून कोण आहे? कुणीतरी राहिलंय." असा प्रश्न कुणी विचारत नाही, त्यामुळे तो ऐकल्यावर माणसं गप्प होतात. आणि गप्प होऊन झाल्यावर बोलायला लागतात. साताऱ्याच्या चुलत आजोबांनी बऱ्याच वेळाने सांगितलं, त्याच्या आजोबांच्या पाठीवर एक बाळ झालं होतं, ते बारशाआधीच गेलं. याने आनंदाने ते बाळ झाडात बसवलं; नाव नव्हतं म्हणून नुसतं 'बाळ' लिहिलं. त्याचाही एक आकडा दोन्हीकडे वाढला, पण मशिन अजून एकने पुढेच. मग धारवाडच्या एका आजीने हळूच सांगितलं, पणजोबांचा सगळ्यात धाकटा मुलगा एका नाटक कंपनीमागे हुबळीला गेला तो गेलाच. तोही आत आला. एक जास्तच. मग कळलं की एक आत्या होती, तिने मनाने लग्न केलं म्हणून तिचं नाव घरात घेत नसत. याने ती म्हैसूरला शोधून काढली. ती फोनवर म्हणाली, "इतक्या वर्षांनी माझी आठवण कुणाला झाली रे?" हा म्हणाला, "मशिनला, आत्या." ती इतकी हसली म्हणे, की हसता हसता रडली, आणि पुढच्या रविवारी मैसूरपाक घेऊन जे. पी. नगरात हजर! दोन्ही मजल्यांवर सारखाच.

आत्याही झाडात बसली, मशिन तरी एकने पुढेच, आणि माझा जीव टांगणीला. सगळी हरवलेली माणसं घरी परत यायला लागली होती आणि माझी पदवी दाराबाहेर ताटकळत होती. तपासणीच्या आदल्या दुपारी मी त्याला ओढत लॅबमध्ये नेलं आणि मॅडमसमोर हात टेकले. मॅडमनी एका मिनिटात सांगितलं, "नुसता आकडा का बघता? एकेकाला मोजताना त्याचं नाव छाप." मी तशी एक ओळ घातली आणि पडद्यावर येणारी नावं मोठ्याने वाचायला लागले. पणजोबा, त्यांची मुलं, हुबळीचा तो नाटकवाला, बिननावाचं बाळ, मग आजोबा, खालचे बाबा, ताई, हा स्वतः. मग वरचे बाबा. आणि त्यांच्याखाली पुन्हा हा. त्याचं पूर्ण नाव मी दुसऱ्यांदा वाचलं आणि सगळी लॅब फिदीफिदी हसायला लागली. मागून एक ज्युनियर ओरडला, "अरे मगा, दोस्ता, तूच एक्स्ट्रा आहेस की!" हा पण हसला. पण त्याचे डोळे पडद्यावरच होते.

"सिंपल," मॅडम म्हणाल्या. "झाडात एकाला एकच पालक. दोन असले तर ते झाड नव्हे. एक ओळ काढ, उद्या आण, मी सही करते."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सुटलो. वरची ओळ काढ नाहीतर खालची. दोन सेकंदांचं काम."

तो म्हणाला, "कुठली?"

"कुठलीही रे! मॅडमना काय फरक पडतोय?"

"तू सांग ना. तू दोघींच्या हातचं जेवली आहेस."

मी मनातल्या मनात दोघींच्या पानावर बसून आले. जिच्याकडे गेले की ती स्वतःचं पान बाजूला सारून आधी मला वाढायची, ती खालची. आणि पीजीतलं जेवण खाऊन माझं वजन उतरलं तेव्हा दर मंगळवारी डबा पाठवायची, ती वरची. मग मला रागच आला. मी म्हटलं, "हे बघ, तुझं खरं घर मोडत नाहीये, एक असाइनमेंट आहे. माझा बाप तिकडे गावभर सांगून बसलाय. तुझ्या एका ओळीपायी मी त्याला खोटं पाडू?" आवाज जरा चढलाच असेल, कारण कॅन्टीनच्या दारातलं कुत्रं उठून बसलं. तो गुलमोहराखाली पडलेल्या शेंगेतल्या बिया वाजवत राहिला. मग म्हणाला, "सरी, ठीक आहे. उद्या होईल. तू काळजी करू नको." तो घड्याळात बघून काही बोललेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या दिवशी तो वेळेवर आला, आणि मी आधी माझंच घड्याळ तपासलं. मॅडम समोर बसल्या, त्याने प्रोग्रॅम चालवला, आकडा बरोबर आला. त्याने छान समजावून सांगितलं, वरचा खालच्याला कसा विचारतो, खालचा आपलं काम कसं करतो. मॅडमनी सगळं झाड नजरेखालून घातलं आणि म्हणाल्या, "सरी, काउंट करेक्ट. पण तुझं नाव दिसत नाही?"

"मी मोजतोय ना, मॅडम," तो म्हणाला.

मॅडम हसल्या, आणि हसता हसता त्यांनी सही केली. त्यांच्यामागे अजून बारा जोड्या खोळंबल्या होत्या. मी धावत बाहेर जाऊन वडिलांना फोन लावला. गिरणीच्या घरघरीत त्यांना ऐकू येईना, तर त्यांनी पट्टा थांबवला. इतक्या वर्षांत भर दुपारी गिरणी थांबलेली मी ऐकली नव्हती. "झालं, बाबा," मी म्हटलं. ते एवढंच म्हणाले, "मला ठाऊकच होतं," आणि दळण घेऊन आलेल्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. फोन ठेवून मी वळले तर हा भिंतीला टेकून उभा, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"तू स्वतःला काढलंस?"

"दोघींपैकी कुणाचीच ओळ एकटी काढली नाही बघ. दोन्ही सारख्या काढल्या. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही."



दोन्ही मजल्यांनी मला त्या दिवशी जेवायला बोलावलंच होतं. झाडाचा छापलेला कागद माझ्या पिशवीत होता, आणि हा फाटकातच मागे रेंगाळला. वरच्या काकू दारातच म्हणाल्या, "आण गं, बघू तरी काय केलंत पोरांनी." नाही म्हणायला मला सुचलं नाही. त्यांनी चष्मा लावला, कागद ओट्यावर पसरला आणि पणजोबांपासून बोट फिरवत खाली आल्या. बोट त्यांच्या स्वतःच्या चौकटीवर थांबलं. मग तिच्या खाली गेलं. तिथे काही नव्हतं. काकूंनी बोट उचललं, पदराने ओटा पुसल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. जन्म तिनेच दिलाय. बरोबरच लिहिलंय पोराने." आणि कागदाची घडी घालायला लागल्या.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काकू, शेजारी पण बघा ना."

त्यांनी घडी उलगडली. खालच्या जाऊबाईंची चौकट, तिच्याखाली ताई, आणि बाजूला कोरा कागद. त्यांनी कागद उलटा करून मागची बाजू बघितली. पुन्हा सुलटा केला. मग त्या जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "अगं, वर ये स्वल्प! आपलं पोरगं कुठं दिसत नाहीये!"

खालच्या काकू कणकेच्या हातानेच वर आल्या. दोघी ओट्यावर वाकल्या, दोघींनी शोधलं, आणि सापडला नाही तेव्हा वरच्या काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरला बांधलेलं पेन ओढून जावेपुढे धरलं. "लिही. तुझ्याखाली लिही."

"माझ्याखाली का? तुला दिलाय तो. तुझ्याखाली लिही."

"दिलाय म्हणून काय झालं? नऊ महिने कुणी वागवला?"

"आणि रात्र रात्र कुणी जागून काढली? कांजिण्या आल्या तेव्हा मी माहेरी होते, विसरलीस? लिही म्हणते ना!"

"मी नाही लिहायची. कणीक लागली तुझी पेनाला!"

मी पाय न वाजवता बाहेर आले. तो जिन्यात बसला होता, भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून. मला वाटलं झोपलाय. मी जवळ गेल्यावर त्याने डोळे न उघडताच बाजूला सरकून जागा करून दिली. आम्ही दोघं तिथं बसून ऐकत राहिलो. वरून आवाज येत होते, "तुझ्याखाली," "नाही, तुझ्याखाली," आणि खाली गॅसवर चिंचेचं सारू उकळून उतू चाललेलं वासावरून कळत होतं, पण दोघींपैकी कुणी ते बघायला उतरलं नाही. दुपारचं ऊन जिन्याच्या जाळीतून त्याच्या गुडघ्यांवर आलं होतं आणि पारिजातकाच्या पानांबरोबर हलत होतं.

आता मी कोरमंगलात असते आणि मला कायम उशीर झालेला असतो. जे. पी. नगरात जाणं होत नाही. त्याचा फोन येतो, कधी तरी, आणि तो काय बोलायला केला होता हे त्याला आठवत नाही. त्या कागदाचं पुढे काय झालं, हे मी त्याला विचारायचं म्हणते आणि मुद्दाम विचारत नाही. मला आपलं वाटतं, त्या दोघींचं अजून ठरलेलं नसेल.